नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आधी काय करायला लावायचं, केअर प्लॅन की कन्सेप्ट मॅप?
कॉलमवाला केअर प्लॅन (पेशंटच्या देखभालीचा लेखी आराखडा) वाईट नाहीये, असेसमेंट (तपासणी), डायग्नोसिस (निदान), इंटरव्हेन्शन (काय करायचं ते) सगळं ओळीने येतं, तपासायलाही सोपं, पण बरेच विद्यार्थी पुस्तकात बघून रकाने भरतात आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध काय हे डोक्यात येतच नाही. कन्सेप्ट मॅपमध्ये (मुद्दे बाणांनी जोडून काढायचा नकाशा; १९७२ ला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांच्या टीमने काढलेली पद्धत) तसं चालत नाही. हार्ट फेल्युअरचा पेशंट घ्या, फ्युरोसेमाइड या औषधाने लघवी वाढते, पोटॅशियम उतरतं, आणि सोबत डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर त्याच्या टॉक्सिसिटीचा (विषबाधेचा) धोका वाढतो, म्हणजे डिगॉक्सिनचा डोस देण्याआधी नाडी बघायलाच हवी. हे बाण स्वतः काढायचे, त्यावर कारण लिहायचं, खरा विचार तिथेच होतो! वेळ जास्त जातो, सुरुवातीचे मॅप गिचमिड होतात, होऊ देत. मी तरी आधी मॅपच करायला लावेन, प्लॅन त्यावरून लिहिता येतो.