बोखुम की एसेन? रूरची कोळशाची खाण बघायला एकच दिवस असेल तर

जर्मनीत नोकरीला असलेली किंवा मुलांकडे आलेली बरीच मराठी मंडळी ड्युसेलडॉर्फपर्यंत येतात आणि पश्चिम जर्मनीतला रूरचा खाणपट्टा बघायचा म्हणून थेट एसेनची त्सोलफेराइन ही बंद पडलेली कोळसा खाण गाठतात. तिथला बारा नंबरच्या शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीचा, 55 मीटर उंच लोखंडी मनोरा प्रसिद्ध आहे, युनेस्कोच्या यादीत 2001 पासून आहे, फोटोही सुंदर येतात. पण खाणीत उतरायला मिळेल या आशेने गेलात तर निराशा होईल. त्सोलफेराइनला जे बघायला मिळतं ते सगळं जमिनीच्या वरचं. जमिनीखाली न्यायची सोय आहे ती बोखुमच्या जर्मन खाणकाम संग्रहालयात.

बोखुमचे बोगदे मात्र खऱ्या खाणीचे नाहीत, हे आधीच लक्षात ठेवा. तिथून कोळसा कधीच निघाला नाही. फक्त दाखवण्यासाठी 1930 च्या दशकापासून संग्रहालयाखाली साधारण 20 मीटर खोलीवर ते खोदले गेले. यंत्रं मात्र अस्सल आहेत. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या हातोड्यापासून कोळशाचा थर सोलत जाणाऱ्या नांगरापर्यंत आणि फिरत्या दातेरी ढोलापर्यंत सगळं क्रमाने लागतं. छताला दिलेले टेकू नीट बघा: आधी लाकडाचे, मग लोखंडाचे, शेवटी द्रवाच्या दाबावर स्वतः पुढे सरकणारे. लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं आणि कामगाराला पळायला वेळ देतं. म्हणून लोखंड आल्यावरही जुन्या लोकांचा लाकडावरचा भरवसा लवकर सुटला नाही.

दोन बाबतींत मात्र बोखुममध्ये समज चुकीचा होऊ शकतो. खाली गारवा असतो, जाकीट लागतं; उलट रूरच्या खऱ्या खाणीत हजार मीटरवर खडकच चाळीस अंशांच्या पुढे तापलेला. आणि तुम्ही बोगद्यातून ताठ चालत जाता, तर पातळ थरात कामगार गुडघ्यांवर किंवा आडवा पडून कोळसा काढायचा. चंद्रपूर-वणीकडच्या उघड्या खाणी पाहिलेल्यांना हा फरक विशेष जाणवेल. वर आल्यावर लिफ्टने मनोऱ्यावरही जा. 71 मीटरचा हा मनोरा डॉर्टमुंडच्या गेर्मानिया खाणीतून काढून इथे उभारला आहे.

एसेनचं बळ वेगळं आहे. 1932 मध्ये सुरू झालेला बारा नंबरचा शाफ्ट दिवसाला 12,000 टन कोळसा वर काढायचा. 23 डिसेंबर 1986 ला तो बंद झाला. रूर म्युझियम बसवलंय ते तिथल्या कोळसा धुण्याच्या इमारतीत. लांबलचक सरकत्या जिन्याने तुम्ही थेट 24 मीटर उंचीवर पोचता आणि संग्रहालय बघत 17, 12 आणि 6 मीटरच्या मजल्यांवर खाली उतरता. या क्रमाला कारण आहे. कच्चा कोळसाही पट्ट्यांवरून असाच माथ्यावर चढवत आणि मग वजनानेच एकेका यंत्रातून खाली सोडत. धुण्याच्या टाकीत पाण्याला हवेचे धक्के देत. दगड कोळशाच्या जवळजवळ दुप्पट जड, तो तळाला बसायचा आणि कोळसा वर राहायचा. हे कळल्यावर भिंतीलगतच्या त्या प्रचंड पेट्या नुसतं गंजकं लोखंड राहत नाहीत. ही यंत्रं सावकाश बघायची तर दोनेक तासांची वाटाड्यासोबतची फेरी घ्यावी. बहुतेक फेऱ्या जर्मनमध्ये असतात, इंग्रजी फेरी कोणत्या दिवशी आहे ते आधी बघून मगच दिवस ठरवा.

माणसांची गोष्टही एसेनलाच जास्त सापडते. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, तशी इथे आधी पोलिश भाषिक मुलखातून आणि 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून आली. खाणी गेल्यावर या वस्त्यांचं काय झालं, हा प्रश्न परळ-लालबागच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आमचा सल्ला: सकाळी बोखुम, दुपारी एसेन. हा क्रम उलटा करू नका. कोळसा कुठून आणि किती कष्टाने सुटतो ते आधी पाहिलं, तर एसेनची यंत्रं कळतात. नाहीतर तो नुसता देखणा सांगाडा वाटतो. बोखुम स्टेशनवरून यू 35 ही भुयारी गाडी हेर्नेच्या दिशेने घ्या, दुसरा थांबा संग्रहालयाचाच. तिथे अडीच-तीन तास धरा. मग रेल्वेने एसेन, दहा-पंधरा मिनिटं. स्टेशनवरून गेल्सेनकिर्शेनकडे जाणारी 107 नंबरची ट्राम, थांब्याचं नावच त्सोलफेराइन. दोन्ही संग्रहालयं झाल्यावर तिथलाच 304 भट्ट्यांचा, कोळसा भाजून कोक बनवणारा कारखानाही बघू म्हणाल तर तो घाईत उरकावा लागेल. आवार सुमारे शंभर हेक्टरचं आहे, कारखाना शाफ्टपासून चांगला चालत जाण्याच्या अंतरावर, त्यासाठी वेगळा अर्धा दिवस हवा.

लहान मुलं सोबत असतील आणि एकच ठिकाण जमणार असेल तर बोखुम. सोमवार असेल तर प्रश्नच नाही, बोखुम बंद असतं, एसेनला जा.