रोजची उभी मीटिंग की एकेकाशी बोलणं?

भाची नुकतीच टीम लीड झाली, हाताखाली आठ जण. रोज सकाळी दहा मिनिटं सगळ्यांना उभ्या उभ्या एकत्र भेटावं, की आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी अर्धा तास बोलावं, यात ती अडकलीय.

वेळ: पाच दिवसांच्या मीटिंगला तिची ५० मिनिटं जातात, एकेकाशी बोलायला ४ तास. तिला धरून टीमचा एकूण वेळ मात्र जवळपास सारखाच, साडेसात आणि आठ तास.

अडलेलं काम मीटिंगमध्ये त्याच दिवशी कळतं. माणूस अडलाय, हे नाही. माझ्याकडचा एक मुलगा रोज ‘सगळं ठीक’ म्हणायचा. एकट्याला चहाला नेलं, तर कप हातात तसाच धरून म्हणाला, ‘सर, राजीनामा लिहून ठेवलाय.’ वडिलांच्या डायलिसिससाठी त्याला फक्त शिफ्ट बदलून हवी होती.

कामाची डिलिव्हरी तोंडावर असेल तर मीटिंग घे. टीम नवी असेल, माणसं गप्प होत चालली असतील, तर एकेकाशी बोल. पंधरवड्यातून एकदा का होईना.