कीकॅडची लायब्ररी : दहा महिन्यांनंतर

ऑफिसमधलं सर्किट बोर्डांचं डिझाइन आम्ही कीकॅड या सॉफ्टवेअरवर आणलं त्याला आता दहा महिने झाले. आम्ही म्हणजे मी आणि एक ज्युनिअर. राउटिंग (तांब्याच्या वाटा आखणं), गर्बर (कारखान्याला द्यायच्या फाइली), थ्रीडी व्ह्यू याबद्दल तक्रार नाही. डोकं खाल्लं ते लायब्ररीने, म्हणजे पार्टांचे सिम्बॉल (आकृतीतली चिन्हं) आणि फूटप्रिंट (बोर्डावरची पायांची जागा) यांच्या साठ्याने, आणि त्यात दोष बराचसा माझाच.

पहिल्या महिन्यात दिसेल तो पार्ट नेटवरून उतरवायचो. असाच एक २एन७००२चा सिम्बॉल घेतला. एसओटी-२३ या तीन पायांच्या पॅकेजमध्ये या मॉसफेटचा (स्विचसारखा वापरायच्या ट्रान्झिस्टरचा) १ नंबर पाय गेट, २ सोर्स, ३ ड्रेन. उतरवलेल्या सिम्बॉलमध्ये २ आणि ३ उलटे होते. डेटाशीट उघडायला दोन मिनिटं लागली असती, ती मी दिली नाहीत. बोर्डला सप्लाय देताच रिले टक्कन बसला आणि सुटेचना, कारण करंट सरळ आतल्या बॉडी डायोडमधून जात होता. पार्ट पालथा घालून भागेल का पाहिलं, तर तसं केल्यावर १ आणि २ची अदलाबदल होते, आपल्याला हवी ती नाही. शेवटी पाचही बोर्डांवर पाय उचलून जंपर मारले.

खरी गंमत पुढेच. लायब्ररीत सिम्बॉल दुरुस्त केला आणि निर्धास्त झालो. पण कीकॅडच्या व्हर्जन ६ पासून सिम्बॉलची प्रत स्किमॅटिकमध्येच (सर्किटच्या आकृतीच्या फाइलमध्ये) साठवली जाते. 'अपडेट सिम्बॉल्स फ्रॉम लायब्ररी' केल्याशिवाय जुनाच राहतो, बोर्डावरच्या फूटप्रिंटचंही तेच. दुसरा लॉट फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ज्युनिअरने विचारलं, "सर, हा सोर्स ग्राउंडला का नाही?" त्या दिवशीचा चहा माझ्याकडून.

एरवी ही प्रत साठवण्याची पद्धत मला आवडते. घरच्या लॅपटॉपवर लायब्ररी नसली तरी स्किमॅटिक उघडतं. थ्रीडी मॉडेल मात्र गायब व्हायची, कारण मी पाथ थेट डी ड्राइव्हचे दिले होते. आता सगळं प्रोजेक्टच्या फोल्डरात, पाथच्या सुरुवातीला केआयपीआरजेमॉड, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरचा पत्ता धरणारं व्हेरिएबल. व्हर्जन ९ मध्ये मॉडेल फाइलमध्येच घालता येतं, पण जुने प्रोजेक्ट कोण उकरत बसणार?

कीकॅडसोबत येणाऱ्या तयार लायब्ररीला मी हात लावत नाही, लागेल तो पार्ट आमच्यात कॉपी करतो. तिच्यात रेझिस्टरच्या नावातच आकाराचा इंचातला कोड ०६०३ आणि मिलिमीटरमधला १६०८ मेट्रिक दोन्ही असतं, त्यामुळे मापांचा घोळ आपोआप टळतो. आमची लायब्ररी गिटवर (फाइलींमधले बदल नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आहे. फाइली साध्या टेक्स्टच्या असल्याने कोणी कुठला पॅड (पाय सोल्डर करायची जागा) हलवला ते दिसतं. डेटाबेस लायब्ररीसाठी, म्हणजे पार्टांची माहिती डेटाबेसमधून घेण्याच्या व्हर्जन ७ मधल्या सोयीसाठी, एक अख्खा रविवार घालवला. ओडीबीसीने डेटाबेसशी जोडणी झालीही, पण दोन माणसांना एवढा संसार कशाला!

आता प्रत्येक पार्टला 'तपासलं' नावाचं फील्ड आहे, त्यात तारीख आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं. नवीन फूटप्रिंट एकास एक मापात कागदावर छापतो आणि खरा पार्ट त्यावर ठेवून बघतो. परवाच एका कनेक्टरचे दोन पाय पॅडच्या बाहेर आले. प्रिंटरने 'फिट टू पेज' केलं असेल म्हणून पट्टी लावली, तर प्रिंट बरोबर होती.