शास्त्रज्ञ बायकांची कार्डं: चित्र झकास, मागे दीड ओळ

भाचीच्या वाढदिवसाला महिला शास्त्रज्ञांच्या कार्डांचा सेट ऑनलाइन मागवला. चार स्टार देणार होते, पण मेरी मेनार्ड डेलीचं कार्ड बघितलं आणि तीनवर आले. कागद जाड आहे, रंग मस्त, पोरीने सरबत सांडलं तरी पुसलं की झालं, तेवढं मान्य. पण मागे काय लिहिलंय, तर 'केमिस्ट्रीत पीएचडी करणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री, 1947'. बास! भाची म्हणते, "मावशी, पण मग तिने केलं काय?"

आता मी बीएस्सीला बायोकेम केलेलं म्हणून सांगता तरी आलं, बाकीच्यांनी काय करायचं? वडील वेस्ट इंडीजमधून अमेरिकेत आलेले, कॉर्नेल युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकत होते, पैशाअभावी सुटलं आणि बिचारे पोस्टात क्लार्कला लागले. लेक न्यूयॉर्कमध्येच वाढली, क्वीन्स कॉलेज केलं, मग न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, मग कोलंबिया युनिव्हर्सिटी. पीएचडीचा विषय म्हणजे स्वादुपिंडातलं अमायलेज नावाचं पाचक एन्झाइम मक्याच्या स्टार्चचं काय करतं! मक्याची भाकरी खाल्ली की पोटात जे चालतं तेच की हो, एवढं एक वाक्य टाकलं असतं तर पोरांना लगेच कळलं असतं. नंतर रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सात वर्षं पेशीच्या केंद्रकातली प्रथिनं, हिस्टोन वगैरे, ते मी भाचीला सांगायच्या भानगडीत पडले नाही.

खरी मजा पुढे आहे. 1955 पासून क्वेंटिन डेमिंग नावाच्या डॉक्टरांबरोबर तिने उंदरांवर प्रयोग केले आणि हाय बीपी, कोलेस्टेरॉल आणि चोंदणाऱ्या धमन्या यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते शोधलं. सिगरेटच्या धुराचा फुप्फुसांवर काय परिणाम होतो त्यावरही काम केलं. आमच्या आईची बीपीची गोळी रोज सकाळी चहाच्या आधी असते, तीच भाचीला दाखवली आणि म्हटलं, हे बघ, आजी ही का घेते ते समजून घ्यायला हिचं काम लागतं. तेव्हा कुठे बाईसाहेबांनी कार्ड परत हातात घेतलं.

आणि 1988 मध्ये डेलीने वडिलांच्या स्मरणार्थ क्वीन्स कॉलेजात फिजिक्स-केमिस्ट्री शिकणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन मुलांसाठी स्कॉलरशिप सुरू केली, हे तरी लिहायचं ना, जागा होती की! अर्धं कार्ड कोरं सोडलंय आणि त्यात नुसती फुलांची नक्षी.

घ्यायचाच असेल तर सेलमध्ये घ्या. पत्र्याचा डबा मात्र एक नंबर, आईने गोळ्या ठेवायला लगेच ढापला.