ऑर्गॅनिक मॅप्स : दुब्रोवनिकच्या तयारीपासून आजपर्यंतचा अनुभव

लग्नाच्या वाढदिवसाला क्रोएशियातलं दुब्रोवनिक ठरलं, तेव्हा हे अ‍ॅप फोनवर घेतलं. आता बरेच महिने ते रोजच्या वापरात आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि त्या भागाचा नकाशा एकदा डाउनलोड केला की नेट लागत नाही. लहान ट्रिप आखणाऱ्या जोडप्यांना मी ते मनापासून सुचवते.

माझ्यासाठी यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चढ-उतार. दुब्रोवनिकचं जुनं शहर नकाशात तळहाताएवढं दिसतं. मधला स्त्रादून हा सपाट दगडी रस्ता जेमतेम 300 मीटरचा. पण त्याच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. आम्हाला आवडलेल्या एका खोलीच्या जाहिरातीत ‘पिले दरवाज्यापासून (जुन्या शहराचं पश्चिमेकडचं प्रवेशद्वार) पाच मिनिटं’ असं लिहिलं होतं. अ‍ॅपमध्ये चालत जायचा रस्ता काढला, तर खालच्या आलेखात शेवटच्या टप्प्याची रेघ सरळ वर गेलेली! पायऱ्यांचा उल्लेख जाहिरातीत कुठेच नव्हता. नवऱ्याचा गुडघा दुखरा, त्यात हातात बॅगा. ती खोली सोडली आणि जुन्या शहराबाहेरच्या लापाड भागात घेतली. तिथून 6 नंबरची बस पिलेला सोडते. संध्याकाळी पाय मोकळे करायला समुद्रही जवळ. हा निर्णय फार चांगला ठरला.

ठिकाणं आम्ही दोघांनी आपापली वेगळी टाकली, माझी लाल, त्याची निळी. माझ्या यादीत 1317 पासूनची फ्रान्सिस्कन मठातली औषधशाळा आणि लोक्रुम बेट. त्याच्या यादीत लोव्रियेनात्स किल्ला आणि लाझारेती, म्हणजे जुन्या काळच्या क्वारंटाइनच्या इमारती. प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना 30 दिवस वेगळं ठेवायचा कायदा या शहराने 1377 मध्येच केला होता, त्यामुळे त्याला लाझारेती बघायचंच होतं. लाल-निळं जिथे शेजारी पडलं, तिथे तो दिवस आपोआप ठरला. जुन्या शहराच्या तटबंदीवरची 1,940 मीटरची फेरी मात्र दोघांचीही. ती सकाळी लवकरच करा, वर सावली फार कमी आहे. त्याच तिकिटावर लोव्रियेनात्सही होतो. एक दिवसाचा दुब्रोवनिक पास जवळपास तेवढ्याच पैशांत मिळतो आणि त्यात बसही येते, म्हणून पासच घ्या.

याद्या एकमेकांच्या फोनवर आपोआप जुळत नाहीत. फाइल काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी लागते, बदल केला की पुन्हा. बसच्या वेळा आणि हॉटेलांचे रिव्ह्यूही इथे शोधू नका. वेळा आम्ही लिबेर्तास या तिथल्या बस कंपनीच्या साइटवर बघायचो.

आता त्याच लाल यादीत गोव्यातल्या गवंडाळीचं साओ ब्राझ चर्च टाकलंय. दुब्रोवनिकचे रक्षक संत व्लाहो म्हणजेच साओ ब्राझ, आणि तिथल्या व्यापाऱ्यांशी या चर्चचं नातं सांगितलं जातं. दिवाळीनंतर जाणार आहोत.