खिम्याचे गोळे करून फ्रीजरमध्ये: दिवाळीपासून आखाडापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं पाल्हाळ नको त्यांनी इथूनच उठावं. गोळे पूर्ण वाफवून, सुटे सुटे गोठवले आणि रस्सा त्यांच्यात न घालता वेगळा ठेवला, तर दोन महिने अगदी बेस राहतात. बाकी जे जे केलं त्यात माझं मटण तरी वाया गेलं नाहीतर डोकं तरी.

आमच्या घरात चार माणसं. हे रेल्वेत गाडी चालवतात. भुसावळमध्ये ज्यांच्या घरात रनिंग स्टाफ आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ड्यूटीचा कॉल आला की दोन तासांत सामान घेऊन निघायचं, आणि परत रात्री अडीचला येणार की दुपारी जेवणं उरकल्यावर, हे त्यांनाही माहीत नसतं. मी शाळेत, मुलगा बारावीला, सासूबाई अमळनेरकडच्या, पंच्याहत्तरीच्या, दात निम्मे. मटणाचे तुकडे त्यांना चावत नाहीत, खिम्याचे गोळे चावतात. म्हणजे गोळ्यांची सोय मी खरं तर दोन माणसांसाठी लावली. एक अवेळी येणारं आणि एक चावू न शकणारं.

पहिली खेप दिवाळी झाल्यावर केली, भाऊबिजेनंतरच्या रविवारी. किलोभर खिमा, चाळीस गोळे. कच्चेच स्टीलच्या मोठ्या डब्यात भरले, झाकण लावलं, फ्रीजरमध्ये ढकललं आणि स्वतःची पाठ थोपटली. चार दिवसांनी डबा काढला तर चाळीस गोळ्यांचा एक गोळा. उलथण्यानं निघेना, गरम पाण्यात डबा धरला तर कडा सुटल्या आणि मध्ये तसाच. शेवटी बत्त्यानं फोडायला बसले. सासूबाई ओट्यापाशी येऊन बघत उभ्या. म्हणाल्या, "हाई मटन शे का दगड शे?" मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

दुसऱ्या खेपेपासून ताटात ठेवून गोठवायला लागले. ताटाला बटर पेपर, गोळ्यांमध्ये बोटभर अंतर, तीन-चार तास उघडेच फ्रीजरमध्ये, कडक झाले की पिशवीत. मग हवे तेवढे मोजून काढता येतात. साध्या दोन दारांच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात एका वेळी एकच ताट मावतं, म्हणून निम्मे गोळे तोवर खालच्या कप्प्यात. यात आणखी एक फायदा आहे तो मला नंतर कळला. ढीग करून ठेवला तर मधला भाग हळूहळू गोठतो, हळू गोठलं की मांसात बर्फाचे खडे मोठे होतात, ते पेशी फाडतात, आणि वितळताना सगळं पाणी बाहेर येतं. सुटे गोळे लवकर गोठतात. म्हणूनच पहिल्या खेपेचे गोळे भुशासारखे लागले होते. मी उगाच खाटकाला दोष देत होते.

पण कच्चे गोळे सुटे गोठवूनही जमलं नाहीच. कारण हे रात्री अडीचला येणार, गॅस पेटवणार, रस्सा उकळायला लागला की दगडी गोळे त्यात टाकणार आणि वरून शिजलेले दिसले की ताटात घेणार. एकदा त्यांनी गोळा मोडला तर आत गुलाबी आणि गार. खिम्याच्या बाबतीत हे चालत नाही. अख्ख्या तुकड्याला जंतू बाहेरून लागलेले असतात, पण खिमा करताना बाहेरचं सगळं आत जातं. म्हणून खिम्याचं काहीही मधोमध ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं असं सांगतात. मी मग सुईचा तापमापक मागवला. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली तीच एक खरेदी पैसे वसूल करून गेली, बाकी डबे-पिशव्या कुठल्याही चालतात.

मग तळून ठेवायचं ठरवलं. चवीला पहिला आठवडा याच्यासारखं काही नाही, हे कबूल करते. आप्पेपात्रात थोड्या तेलावर परतले तर आकारही छान गोल येतो. पण जानेवारीतली एक पिशवी मागे पडली ती मार्च उजाडल्यावर हाती लागली, आणि उघडल्यावर जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास. फ्रीजरमध्ये जंतू वाढत नाहीत, पण चरबी खवट होणं थांबत नाही, फक्त मंदावतं. त्यात मीठ असेल तर चरबी आणखी लवकर खवट होते. आणि बोकडाच्या गोळ्यात चरबी असतेच. ती नसेल तर गोळा लाकडासारखा होतो, म्हणून मी मांडीऐवजी खांद्याचा खिमा घेते, दोनदा मशीनमधून काढून.

आता वाफवते. इडलीपात्रात. हे कुणी सांगितलं नाही, एका रविवारी कढई घासायचा कंटाळा आला म्हणून केलं. इडलीच्या खळग्यांना तेलाचं बोट, एकेका खळग्यात एक गोळा, पंधरा मिनिटं वाफ. एका गोळ्याचं वजन तीस ग्रॅमच्या आसपास असलं तर एवढ्या वेळात मधोमध ७१ च्या वर जातं. मोठे केलेत तर वेळ वाढवा आणि एक मोडून बघा. चकतीच्या भोकांतून रस खालच्या पाण्यात ठिबकतो, म्हणून तळाला पाणी बेताचंच ठेवते. ते पाणी म्हणजे सोनं. तेच रश्श्याला वापरायचं.

गोळ्यात काय घालते ते लिहिते, कारण यावरच निम्म्या चुका झाल्या. किलोभर खिम्याला ऐंशी ग्रॅम डाळ्यांचं पीठ, तीन ब्रेडच्या चकत्या दुधात भिजवून पिळून, एक अंडं, आलं, कोथिंबीर, अडीच लहान चमचे मीठ. मीठ अगदी शेवटी, आणि घातल्यावर लगेच वळायला घ्यायचं. मीठ लावून खिमा तासभर मळत बसलात तर त्यातली चिकट प्रथिनं सुटतात आणि गोळा रबरी चेंडू होतो. कच्चा कांदा घातला होता, पाणी सुटून गोळे फुटले. आता कांदा तांबूस परतून, गार करून. एकदा बांधायला उकडलेला बटाटा घातला, गोठून निघाल्यावर त्याचा अक्षरशः स्पंज झाला. बटाटा नकोच.

आणि काळा मसाला गोळ्यात नको. हे म्हणायला मला जिवावर येतं, कारण आमच्याकडे काळ्या मसाल्याशिवाय मटण म्हणजे पथ्याचं जेवण. पण लवंग, मिरी आणि लसूण गोठवल्यावर तीव्र होतात, कडवटपणाकडे झुकतात. पहिल्या दिवशी बरोबर वाटलेला गोळा महिन्यानं नुसता लवंगेचा लागतो. म्हणून गोळा सौम्य ठेवायचा आणि झणका सगळा रश्श्यात आणायचा. रश्श्याचं वाटण, म्हणजे भाजलेलं खोबरं, काळपट भाजलेला कांदा, आलं, थोडी लसूण आणि कोथिंबीर, मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. चौघांच्या रश्श्याला सहा वड्या. काळा मसाला त्यात नाही, तो बरणीतून ताजा, तेलात पडला पाहिजे. तर्री तिथूनच येते.

ट्रेवरून आठवलं. मुलानं एप्रिलमध्ये मित्रांना लिंबू सरबत केलं आणि बर्फ वाटणाच्या ट्रेशेजारचा घातला. सरबताला कांद्या-लसणाचा वास! पोरं हसत बसली, पण सासूबाईंचा मुद्दा निराळा होता आणि तो बरोबर होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारी, एकादशीला त्यांना त्या कप्प्यातलं काहीच चालत नाही, मग बर्फ तरी का चालावा? आता गोळे दुहेरी पिशवीत, ती पिशवी झाकणाच्या डब्यात, वाटणाचा ट्रेही पिशवीत बांधून, आणि बर्फ खालच्या बाजूला वेगळा. तरीही एकादशीला सासूबाई माठातलंच पाणी पितात. आमचा वाद तिथे संपला आहे.

पिशवीतली हवा काढणं मला आधी फाजील लाड वाटायचे. नाहीत. हवा राहिली की गोळ्यांवर पांढरे कोरडे डाग पडतात. बर्फ न वितळताच उडून जातो आणि मांस सुकतं. खाल्लं तर काही होत नाही, पण कितीही रस्सा घाला, ते डाग चघळतच राहावे लागतात. मी पिशवी तोंडापर्यंत पाण्याच्या पातेल्यात बुडवते, पाण्याच्या दाबानं हवा निघते, मग तोंड बंद. वर तारीख लिहायची. शाळेचा मार्कर उपयोगी पडतो.

आता उन्हाळा. गोठवण्याच्या सूचना लिहिणारे बहुतेक थंड गावचे असावेत असं मला मे महिन्यात वाटलं. "गार होऊ द्या आणि मग फ्रीजरमध्ये ठेवा." आमच्याकडे पारा ४४-४५ वर असताना ओट्यावर काय गार होणार? हवा ३२ अंशांच्या वर असली की शिजलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा नियम आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरात तर मार्चपासून मृगापर्यंत तेच असतं. मग मी सकाळी सहाला वाफवून, परातीत पसरून, पंख्याखाली वीस मिनिटं, तिथून खालच्या कप्प्यात, आणि पूर्ण गार झाल्यावर वर. कोमट गोळे थेट फ्रीजरमध्ये घातले तर शेजारचं गोठलेलंही घाम धरतं. मेमध्ये फ्रीजरमध्ये तापमापक ठेवून बघितला तर उणे अकरा. हवं असतं उणे अठरा. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागची जाळी झाडली, तेव्हा उणे सोळापर्यंत आला. त्याहून खाली गेला नाही तो नाहीच. म्हणून उन्हाळ्यातले गोळे मी महिन्याच्या आत संपवते.

जूनच्या पहिल्या आठवड्यातलं वादळ. रावेर-यावलकडे केळीचे बाग आडवे झाले, त्यापुढे माझ्या चोवीस गोळ्यांचं दुःख सांगायला लाज वाटते, पण अनुभव लिहायचा तर सगळाच. लाईट एकोणीस तास नव्हती. दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास तग धरतो असं म्हणतात. माझा अर्धाच भरलेला होता, आणि कुणीतरी बर्फासाठी दोनदा उघडला. (कुणीतरी म्हणजे बारावीतलं.) लाईट आल्यावर बघितलं तर मागच्या पिशव्यांत अजून बर्फाचे कण होते, त्या पुन्हा गोठू दिल्या, चवीला थोड्या पाणचट झाल्या पण चालल्या. पुढच्या दोन पिशव्या मऊ आणि कोमटसर. टाकल्या. सासूबाई म्हणाल्या, उकळून घे. नाही घेतल्या. तेव्हापासून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते, आणि एका वाटीत बर्फ करून त्यावर रुपयाचं नाणं. आपण गावाला गेलो असताना लाईट जाऊन आली तर नाणं वाटीच्या तळाशी सापडतं.

खर्चाचं म्हणाल तर बचत फारशी नाही. खिमा आमच्याकडे किलोला ८०० रुपये, गोळे गोठवल्यानं तो स्वस्त होत नाही. वाचतो तो वेळ, तोही रविवारचे अडीच तास आधी मोजून. मात्र रात्रीचं सांगते. हे आता स्वतः करतात. तेल, काळा मसाला, सहा वड्या, वाफेचं पाणी असेल तर ते, नाहीतर साधं, उकळी आली की फ्रीजरमधून थेट आठ गोळे, झाकण, बारा मिनिटं. वितळवत बसायचं नाही, वितळवले की कडा सुटतात. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. सकाळी उठल्यावर सिंकमध्ये घासायचं पातेलं आणि त्याला लागलेली तर्री, एवढ्यावरून मला कळतं की गाडी वेळेवर आली होती.

ताज्याची बरोबरी होते का? नाही. ताज्या गोळ्याला बोट लावलं तर दबतो आणि परत येतो, गोठवलेला नुसता दबतो. पाहुणे येणार असतील तर मी अजूनही सकाळी ताजेच करते आणि कळण्याच्या भाकरी थापते. रोजच्यासाठी पावाबरोबर मात्र फरक कळत नाही, निदान आमच्याकडे कुणी बोललं नाही.

सध्या श्रावण आहे. फ्रीजर धुऊन पुसून, सोडा लावून, त्यात आता मटारही नाहीत, फक्त कुल्फी. आखाडातली शेवटची पिशवी अमावस्येच्या रात्री काढली तर मोजून तीन गोळे निघाले, आणि आम्ही जेवायला चौघं. हे त्या दिवशी नेमके घरी. मी म्हटलं मी रस्सा-भाकरी खाते. मुलाला एक, ह्यांना एक, सासूबाईंना एक वाढला. त्यांनी तो बोटांनी मोडला, रश्श्यात कालवला, खाल्ला, आणि ताट पुढे सरकवून म्हणाल्या, "आखो एक दे." मी पातेलं तिरकं करून दाखवलं. त्यांनी शांतपणे मुलाच्या ताटाकडे बघितलं.

त्यानं दिला.