शाळेच्या आवारात काय करावं: झाडं, परसबाग की गावफेरी?

जुलै आला की शाळेत पहिला प्रश्न निघतो, यंदा किती रोपं मागवायची? पाच वर्षांपूर्वी आम्ही पंचवीस मागवली. गावातली मोठी माणसं आली, फोटो निघाले, मुलांना गोळ्या वाटल्या. पुढच्या जूनमध्ये कुलूप उघडलं तेव्हा चार रोपं जिवंत होती. त्यातली तीन गळक्या पाण्याच्या टाकीजवळची. म्हणजे ती आमच्या निसर्गप्रेमाने नाही, प्लंबर वेळेवर न आल्यामुळे जगली.

तेव्हापासून कुणी विचारलं की ‘बाई, आम्ही शाळेत काय सुरू करू’, तर मी आधी दोन गोष्टी विचारते. मार्चनंतर शाळेत पाणी असतं का? आणि मे महिन्यात शाळेत कोण असतं? जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हाच नेमकी शाळा बंद असते. नव्या रोपाला सगळ्यात जास्त गरज असते त्याच दीड महिन्यात त्याच्याकडे बघायला कुणी नसतं. आणि एक उन्हाळा निघाला म्हणून भागत नाही, निदान दोन-तीन उन्हाळे काढावे लागतात.

तरी झाडाची एक बाजू मला फार आवडते. पहिलीतल्या पोराने लावलेला निंब ते पोर चौथीतून जाईपर्यंत त्याच्या डोक्यावर गेलेला असतो. परसबागेत हे सुख नाही. पण मग पंचवीस नकोत, पाच लावा. प्रत्येकाच्या आळ्यात बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात ओवलेलं मडकं पुरा, वर पाचट किंवा पालापाचोळा अंथरा, भोवती बोराटीचे काटे रोवा आणि मे महिन्यासाठी शाळेशेजारच्या दोन घरांशी आधी बोलून ठेवा. हे बोलणं जमत नसेल तर रोपं मागवूच नका. शिकण्याच्या दृष्टीने मात्र झाड फार संथ. तिसरीच्या मुलाला आठवड्याने काही बदललेलं दिसत नाही आणि महिन्याभरात तो त्याला विसरतो.

परसबाग नेमकी इथे बाजी मारते. मेथी महिन्याभरात कापणीला येते, मुळा दीड महिन्यात. पेरणारं पोरच काढतं आणि खातं. पहिला कोंब दिसला की ‘बाई, मन्हं उगनं!’ असं ओरडत वर्गात येतं. परिसर अभ्यासाचं पुस्तक त्या दिवशी मिटूनच राहतं, राहू दे.

आमचा सगळ्यात चांगला गणिताचा तास वाफ्यांवर झाला. चौथीच्या दोन गटांना आठ-आठ मीटरची दोरी दिली आणि सांगितलं, हिच्यात मावेल तो वाफा आखा. एका गटाने तीन बाय एकचा आखला, दुसऱ्याने दोन बाय दोनचा. दोरी तेवढीच, पण एकाची जागा तीन चौरस मीटर, दुसऱ्याची चार. ‘त्यांना जास्त कशी मिळाली’ यावर मारामारी व्हायची बाकी होती. मग निंदणी आली. दोन बाय दोनच्या वाफ्यात मधोमध कुणाचा हात पोचेना, पोरं आत उतरली आणि अर्धी मेथी तुडवून बसली. अरुंद वाफा जिंकला. परिमिती आणि क्षेत्रफळ या शब्दांचं मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. शेतकरी वाफे लांबट का करतो, हेही त्यांना तिथेच उमगलं.

परसबागेकडून भलत्या अपेक्षा मात्र ठेवू नयेत. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ५० ग्रॅम भाजी धरली आहे. पट चाळीस असेल तर रोजची दोन किलो झाली. चार वाफ्यांतून ती निघत नाही. आठवड्यातून एकदा खिचडीत शाळेची पालक पडली तरी पुष्कळ. पाण्याचं गणित मात्र जमतं, कारण जेवणाआधी आणि नंतर हात धुतलेलं पाणी चारी काढून वाफ्यांकडे वळवता येतं.

सुरुवात जूनमध्ये नको. काळ्या जमिनीत पाणी साचतं, तण भाजीच्या वर जातं. दिवाळीची सुट्टी संपली की पेरा आणि मार्चमध्ये वाफे मोकळे करा, म्हणजे सुट्टीत जगवायला काही उरतच नाही. अपवाद भरताच्या वांग्यांचा. ती पावसाळ्यातच लावावी लागतात. शेंडा मान टाकतो तेव्हा तो चिरून आतली गुलाबी अळी मुलांना दाखवता येते. मग थंडीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून जे भरीत होतं, त्याला पालक न बोलावता येतात.

तोट्याचीही बाजू आहे. आमच्याकडची निम्मी मुलं शेतातच वाढतात. एका बापाने मला तोंडावर विचारलं, ‘निंदायचंच होतं तर शाळेत कशाला धाडलं?’ त्याचं चुकलं नव्हतं. मोजणं, लिहून ठेवणं, वाद घालणं यातलं काही होत नसेल तर परसबाग ही फुकटची मजुरीच. पाणी घालणं शिक्षा म्हणून द्यायचं नाही आणि ते मुलींच्याच वाट्याला येऊ द्यायचं नाही, हेही आधीच ठरवावं.

तिसरा मार्ग फारसं कुणी धरत नाही, कारण त्यात फोटोला काही नसतं. काहीच लावायचं नाही. पंधरा दिवसांतून एकदा मुलांना घेऊन गावातल्याच ठरलेल्या दहा झाडांपाशी जायचं आणि वहीत लिहायचं. पळस कधी फुलला, निंबाची पानं कधी झडली, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे किती खोपे आहेत. (खोपा नर विणतो हे सांगितल्यावर मुलं हसून लोळतात. सुगरण कसली मग?) खर्च एका वहीचा, पाणी शून्य. वर्षाच्या शेवटी हातात गावाचं स्वतःचं पंचांग येतं. जपणं म्हणजे लावणंच असं नाही, हे आपल्याच मुलखात दिसतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी तोड आणि चराई रोखून जंगल पुन्हा उभं केलं. तिथले चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आदिवासी पट्ट्यातल्या शाळेत तर मुलंच शिक्षकाला दहा रानभाज्या ओळखायला शिकवतील. फक्त ओळख पटल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही आणि सोबत एक जाणतं मोठं माणूस हवंच.

अडचण एकच, सांभाळायची. तीस मुलं आणि एक बाई रस्त्यावर, हे मला स्वतःला झेपत नाही. मी आई-वडिलांपैकी दोघांना बरोबर घेते आणि फाटा ओलांडावा लागेल अशा वाटेला जातच नाही.

मग काय निवडावं? टँकरवर जगणारं गाव असेल तर गावफेरी, दुसरा विचार नको. हात धुवायला नियमित पाणी आहे आणि एका तरी शिक्षकाला मातीत हात घालायची आवड आहे, तिथे परसबाग. पण ती आवड असलेल्या शिक्षकाची बदली झाली की बाग दोन महिन्यांत वाळते, म्हणून सुरुवातीपासून दोघांनी मिळून करावी. कंपाउंड पक्कं असेल आणि मे महिन्याची जबाबदारी घेणारं घर नावानिशी ठरलं असेल, तरच झाडं.

आम्ही आता वाफे आणि गावफेरी दोन्ही करतो. रोपं मागवणं बंद केलं आहे. जून-जुलैत जुन्या निंबाखाली निंबोळ्या पडतात आणि तिथेच आपोआप रोपं उगवतात. मुलं त्यातली जागेवर शोभतील तेवढीच निवडतात आणि भोवती काटे लावतात. शाळेमागे असे तीन निंब झाले आहेत. दोन आता बकरीच्या तोंडाच्या वर गेले. तिसऱ्यापाशी ती अजून रोज दुपारी येते आणि कुंपणाला एक फेरी मारून जाते.